ठिबकमुळे ऊस वाढला, की चांगला ऊस काढणाऱ्यांनीच ठिबक घेतलं?

विचारलेला प्रश्न असा आहे. एका साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या काही गावांत ऊस उत्पादकांची पाहणी केली, तेव्हा ठिबक असलेल्यांचं एकरी उत्पादन ठिबक नसलेल्यांपेक्षा चांगलंच जास्त निघालं. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य पाठ आहे. पण आकडे समोर असताना त्या वाक्याचं करायचं काय? वाढ ठिबकमुळे झाली की नाही, हे ठरवायचं कसं?

सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती जुळून बदलतात त्याचं माप) ०.३ आहे की ०.८, पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) किती बारीक आहे, नमुना दोनशेचा की दोन हजारांचा, यातल्या कशातूनच हे उत्तर मिळत नाही. नमुना मोठा केला की आकडा अधिक नेमका होतो, इतकंच. भलत्याच गोष्टीचा आकडासुद्धा तितकाच नेमका होतो. उत्तर मिळतं ते वेगळ्या चौकशीतून. ठिबक कोणाच्या रानात गेलं, कोणाच्या गेलं नाही, आणि हे ठरलं कशावरून? खाली जे लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

ठिबक कोणाकडे जातं ते बघा. अनुदानासाठी सातबारा आणि आठ-अ नावावर लागतो, म्हणजे खंडाने किंवा बटाईने करणारा बहुधा बाहेर. अनुदान बहुतेकदा संच बसवून मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन केलेली पाहणी, झाल्यावर जमा होतं, म्हणजे आधी खिशातून घालायची ऐपत हवी. स्वतःची विहीर किंवा बोअर हवी, विजेची जोडणी हवी, फिल्टर धुण्याची आणि लॅटरल (रानात पसरलेल्या नळ्या) सांभाळण्याची चिकाटी हवी. हा शेतकरी ठिबक नसतं तरी शेजाऱ्यापेक्षा जास्त ऊस काढणारच होता, अशी शंका घ्यायला जागा आहे. उलटही घडतं. नदीकाठी उपसा सिंचनाचं मुबलक पाणी आणि खोल काळी जमीन असलेला म्हणतो, मला ठिबकाची गरजच काय? विहीर आटणाऱ्या मुरमाड माळावरचा माणूस मात्र नाइलाजाने ठिबक घेतो. अशा गावांत ठिबकाचा खरा फायदा आकड्यांत कमी दिसेल. आकडा कोणत्या बाजूला झुकलाय हे गावं माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. संगणकाला ते ठाऊक नसतं, कारखान्याच्या गावोगाव फिरणाऱ्या गटसेवकाला असतं.

आता एक हिशेब करू. आकडे कल्पित आहेत. ठिबकवाले १०० आणि पाटपाण्यावरचे १०० शेतकरी. ठिबकवाल्यांची सरासरी एकरी ५२ टन, पाटपाण्याची ३९ टन, फरक १३ टन. आता लागणीचा हंगाम विचारा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावतात आणि तो १६ ते १८ महिने रानात उभा असतो. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीला लागतो आणि बारा महिन्यांत तुटतो. जास्त दिवस उभा राहिलेल्या उसाचं वजन जास्त भरणारच. समजा ठिबकवाल्यांत ८० जणांचा आडसाली आणि २० जणांचा सुरू आहे, आणि पाटपाण्यावाल्यांत बरोबर उलटं. आडसालीत ठिबकचे ५५ आणि पाटाचे ५१ टन. सुरूत ठिबकचे ४० आणि पाटाचे ३६ टन. दोन्ही हंगामांत फरक चारच टनांचा आहे. उरलेले ९ टन हंगामामुळे आले आणि ठिबकच्या नावावर जमा झाले. ताळा करून पाहा: आडसाली आणि सुरू यांतलं अंतर १५ टन, दोन गटांतल्या आडसालीच्या प्रमाणातला फरक ६० टक्के, १५ गुणिले ०.६ म्हणजे ९.

इथे हंगाम हे सामायिक कारण झालं, ज्याला संख्याशास्त्रवाले कन्फाउंडर म्हणतात. त्याचा संबंध ठिबक असण्याशीही आहे आणि उत्पादनाशीही. उपाय साधा आहे: आडसालीची आडसालीशी, सुरूची सुरूशी तुलना करा. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) वेगळा काढा. को ८६०३२ आणि फुले २६५ या जाती एकाच रांगेत मोजू नका.

पण इथेच बहुतेक जण घसरतात. समजा शेतकऱ्याने ठिबक बसवलं, पाणी वाचलं, उन्हाळ्यात पुरेल अशी खात्री झाली, आणि म्हणून तो सुरूवरून आडसालीकडे वळला. आता हंगाम हे ठिबकचंच फळ आहे. ठिबकमुळे आडसाली, आडसालीमुळे टन. अशा वेळी हंगाम स्थिर धरून तुलना केली, तर ठिबकच्या परिणामाचा एक खरा भाग आपण स्वतःच कापून टाकतो. एकच चल, एकच तक्ता, तेच आकडे. तरी एका परिस्थितीत ९ टन वजा करणं बरोबर आणि दुसऱ्या परिस्थितीत चूक. हा निर्णय आकड्यांवरून होत नाही. शेतकऱ्याला विचारावं लागतं: ठिबक बसवण्याआधी तुम्ही आडसाली लावत होता का?

म्हणून माहितीच्या प्रत्येक रकान्यावर आधी तारीख टाकायची सवय लावा. जमिनीची खोली, विहीर, शिक्षण, मालकी, आधीचं उत्पादन हे ठिबकच्या आधीचं. ते तुलनेत सारखं करून घ्या. विद्राव्य खतांचा वापर, पाण्याच्या पाळ्या, एकरी पक्व उसांची संख्या हे ठिबकच्या नंतरचं. त्याला हात लावू नका. पक्व उसांची संख्या तुलनेच्या गणितात सारखी धरली की ठिबकचा परिणाम नाहीसा होतो, आणि मग ‘ठिबकने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा अहवालांमध्ये वारंवार दिसणारा प्रकार आहे. हातात होते ते सगळे रकाने रिग्रेशनमध्ये (अनेक घटक एकदम सारखे धरून परिणाम काढण्याच्या गणितात) ओतले, असं लिहिणाऱ्याचा आकडा मी तरी जपूनच घेतो.

गटांमध्ये फोड केल्यावर निष्कर्षच उलटतो, याचं वैद्यकातलं गाजलेलं उदाहरण मूतखड्यांचं आहे. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या तुलनेत उघड्या शस्त्रक्रियेचं यश ३५० पैकी २७३, म्हणजे ७८ टक्के. पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीचं ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस वाटते. आता खड्याच्या आकारानुसार पाहा. लहान खडे: उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ म्हणजे ९३ टक्के, नवी पद्धत २७० पैकी २३४ म्हणजे ८७ टक्के. मोठे खडे: उघडी २६३ पैकी १९२ म्हणजे ७३ टक्के, नवी ८० पैकी ५५ म्हणजे ६९ टक्के. दोन्ही गटांत जुनी पद्धत पुढे, एकत्र केल्यावर मात्र मागे. कारण वाटपात आहे. अवघड, मोठे खडे बहुतांशी उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले. खड्याचा आकार उपचाराच्या आधीचा असल्यामुळे इथे फोड करणंच योग्य.

वाटपाचा प्रश्न किती लांब नेऊ शकतो हे पाहायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधल्या कॉलऱ्याकडे वळावं लागतं. तिथे एकाच शहराच्या आकड्यांवर दोन हुशार माणसं बसली होती. सरकारी मृत्यूनोंदींचं काम पाहणारे विल्यम फार यांनी १८४९ च्या साथीचे मृत्यू तपासले आणि त्यांना एक देखणा संबंध सापडला: वस्ती थेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. उंचीबरोबर मृत्यूदर इतका शिस्तीत उतरत होता की दूषित हवेचा सिद्धांत त्यात चपखल बसला: सखल भागात हवा साचते, सडते, रोग होतो. आकडे खोटे नव्हते. पण सखल भागातल्या लोकांना पाणीही नदीच्या घाण पट्ट्यातलंच मिळत होतं. उंची आणि पाणी जोडीने बदलत होते, आणि फारांच्या तक्त्यात ते वेगळे काढायची सोय नव्हती.

दुसरे जॉन स्नो, कॉलरा पाण्यातून पसरतो असं म्हणणारे डॉक्टर. त्यांचं नाव निघालं की सगळे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट सांगतात. १८५४ च्या सप्टेंबरात पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, अशी. पुरावा म्हणून ही गोष्ट कमकुवत आहे. दांडा निघाला तेव्हा रोग ओसरू लागलाच होता आणि बरेच लोक वस्ती सोडून गेले होते. स्नोंचा खरा पुरावा दक्षिण लंडनमधला आहे. तिथे दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराचं सांडपाणी मिसळणाऱ्या पट्ट्यातून पाणी उचलत होती. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली नदीतून पाणी उचलण्याची आपली जागा प्रवाहाच्या वरच्या बाजूला, थेम्स डिटनला, सांडपाण्याच्या कक्षेबाहेर नेली होती. दोघींच्या नळवाहिन्या त्याच रस्त्यांवरून गेलेल्या. एका घराला ही कंपनी, शेजारच्याला ती. पुष्कळ भाडेकरूंना आपलं पाणी कोणाचं हेही माहीत नव्हतं. स्नोंना ते पाण्यातल्या मिठावरून ओळखावं लागलं: सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर साका किती येतो ते पाहून. साउथवर्कच्या पाण्यात मीठ जवळपास चाळीस पट होतं.

या मांडणीत उंची तीच, हवा तीच, गरिबी तीच, गल्ली तीच. फक्त पाणी वेगळं, आणि ते कोणाला मिळालं याचा माणसाच्या तब्येतीशी किंवा सवयींशी संबंध नव्हता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दर दहा हजार घरांमागे ३१५. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, दहा हजारांमागे ३७. फारांचा संबंध अधिक सुबक होता, स्नोंची तुलना अधिक प्रामाणिक होती. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकजगाला मान्य नव्हता. तरी पाणी कारण आहे हे ठरवायला ही मांडणी पुरेशी होती. यंत्रणा पूर्ण कळल्याशिवाय कारण म्हणताच येत नाही, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वाटप माणसाच्या स्वतःच्या निवडीवर सोडलं की काय होतं, ते रजोनिवृत्तीनंतरच्या हॉर्मोन उपचाराने दाखवलं. अमेरिकेत अनेक वर्षांच्या निरीक्षणांत हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार बराच कमी दिसत होता, आणि डॉक्टर त्या आशेने ते लिहूनही देत होते. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप करून १६,६०८ स्त्रियांवर चाचणी झाली. २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा धोका २९ टक्के जास्त निघाला, स्तनांच्या कर्करोगाचाही वाढला. निरीक्षणांत हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रिया अधिक शिकलेल्या, सडपातळ, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या, हा एक भाग. दुसरा भाग कमी सांगितला जातो: निरीक्षणांतल्या बऱ्याच जणींनी हॉर्मोन रजोनिवृत्तीच्या सुमारास सुरू केले होते आणि सुरुवातीच्या काळातला धोका मोजणीच्या बाहेर राहिला होता, चाचणीतल्या अनेकींना ते खूप उशिरा मिळाले. म्हणजे ‘कोणी घेतलं’ याच्या इतकंच ‘केव्हापासून मोजलं’ हेही महत्त्वाचं. ठिबकमध्ये हीच चूक होते: पहिल्याच वर्षी संच बिघडून ज्यांनी तो गुंडाळून ठेवला, ते तुमच्या पाहणीत ‘ठिबक नसलेले’ म्हणून नोंदले जातात. त्यांना ठिबकवाल्यांतच मोजा.

आता ‘आधी आणि नंतर’ची तुलना. ठिबकच्या आधी एकरी ३०, नंतर ३६, म्हणजे सहाने वाढ. यावर विसंबून शेकडो यशोगाथा छापल्या जातात. पण माणूस नवा खर्च केव्हा करतो? फटका बसल्यावर. एखाद्या वर्षी उत्पादन पडलं की तो ठिबक घेतो, आणि पुढच्या वर्षी उत्पादन काहीही न करता थोडं वर येतं. हे किती, याचाही हिशेब आहे. एकाच शेताच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या उत्पादनांचा सहसंबंध ०.५ असेल, तर सरासरीच्या १० टन खाली गेलेली शेतं पुढच्या वर्षी सरासरीच्या ५ टनच खाली असतात. वरच्या शेताची सरासरी ४० धरली, तर सहापैकी पाच टन असे फुकटात आले. टोकाचं माप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतं, हे इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीत १८८६ मध्ये दाखवलं होतं, तरी अजून दरवर्षी नव्याने कोणीतरी फसतं.

यावर तोडगा म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट घेऊन दोन्हींचा बदल मोजणं. आपल्याकडचं याचं उत्तम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार सुरू केले, ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालांत, सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. नुसतं एवढंच सांगितलं असतं तर कोणीही म्हटलं असतं, त्या काळात रस्ते झाले, पाऊस बरा झाला, मृत्यू सगळीकडेच घटले असतील. पण शेजारच्या तुलनेच्या गावांत दर सुमारे ५८ वरून ६० च्या आसपास, म्हणजे जागच्या जागीच राहिला. तो दुसरा आकडा नसता तर पहिल्याला अर्थ नव्हता. दोन्हीकडची सुरुवातीची पातळी जवळपास सारखी होती, हेही महत्त्वाचं: हजारी १०० वर असलेल्या गावांची ६० च्या गावांशी तुलना केली असती, तर वर सांगितलेला गॉल्टनचा खेळ पुन्हा मध्ये आला असता.

तुमच्या पाहणीत लगेच करता येण्यासारखी चाचणी यातूनच निघते, आणि एकच करायची असेल तर हीच करा. ठिबक बसवण्याच्या आधीच्या दोन-तीन हंगामांचं उत्पादन काढा. कारखान्याकडे वजनकाट्याच्या नोंदी असतात. शेतकऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका. ठिबक नव्हतं तेव्हाच हे शेतकरी ८ टनांनी पुढे होते, तर ते ८ टन ठिबकचे असूच शकत नाहीत. मात्र एकरी उत्पादन म्हणजे भागाकार; वजन काट्यावरचं असतं, क्षेत्र मात्र नोंदीचं असतं. सातबाऱ्यावर एक एकर, प्रत्यक्षात ऊस ३४ गुंठे, किंवा शेजारच्या भावाचा ऊस याच नावावर घातलेला, असे घोळ दोन्ही गटांत सारखे असतील तर फार बिघडत नाही. पण ठिबकवाल्यांचं क्षेत्र अनुदानासाठी मोजलेलं आणि इतरांचं अंदाजाने सांगितलेलं असेल, तर फरक मोजमापानेच तयार होतो.

निवडीची आणखी एक भानगड. ‘एकरी शंभर टन’ गाठलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ठिबक निघालं, म्हणून ठिबक घ्या. शंभर टन न गाठलेल्यांपैकी किती जणांकडे ठिबक होतं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्यात काहीच नाही. वरून, फक्त यशस्वी लोकांच्या गटात भलते संबंध तयार होतात. जमीन हलकी असूनही शंभर टन काढणाऱ्याने इतर सगळं अचूक केलेलं असतं. म्हणून त्या यादीत हलकी जमीन आणि उत्तम व्यवस्थापन यांचा संबंध दिसेल, जो गावात कुठेच नाही.

काळाच्या ओघात एकाच दिशेने सरकत गेलेल्या दोन मालिकांबद्दल फार लिहीत नाही. संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्येच दाखवलं की १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधल्या एकूण लग्नांत चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने लागलेल्यांचं प्रमाण आणि मृत्यूदर यांचा सहसंबंध ०.९५ येतो; दोन्ही नुसते काळाबरोबर घटत होते, एवढंच. तालुक्यातलं ठिबकखालचं क्षेत्र आणि तालुक्याचं उत्पादन यांचे वीस वर्षांचे आलेख एकावर एक ठेवणं याच जातीचं. निदान दरवर्षीचा बदल घेऊन तो जुळतो का ते पाहा.

उलट बाजूही ध्यानात असू द्या: कारण असूनही सहसंबंध शून्य येऊ शकतो. चांगला शेतकरी माती कोरडी दिसली की पाणी सोडतो, ओल दिसली की थांबवतो. मातीतली ओल वर्षभर जवळपास एकसारखी राहते, आणि दिलेलं पाणी व ओल यांचा संबंध आकड्यांत दिसतच नाही. पाण्याने ओल वाढत नाही, असं यावरून कोणी म्हणणार नाही.

शक्य असेल तर प्रश्नाचा निकाल चिठ्ठ्यांनी लावावा. त्यासाठी महाराष्ट्रात एक सोय आयतीच होती: महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावरच्या अर्जदारांची निवड काही वर्षं संगणकीय सोडतीने होत असे. सोडतीत नाव लागलेले आणि अर्ज करूनही न लागलेले, दोघेही अर्ज करण्याइतके उत्साही, दोघांकडे सातबारा, दोघांकडे पाणी. नशीब तेवढं वेगळं. तुलना करताना नाव लागलेल्या सगळ्यांना एका बाजूला घ्या, त्यांनी संच बसवला असो वा नसो. समजा त्यांच्यात ६० टक्क्यांनी बसवला, नाव न लागलेल्यांत १० टक्क्यांनी स्वखर्चाने बसवला, आणि दोन्ही गटांच्या सरासरीत २ टनांचा फरक आला. बसवण्यातला फरक ५० टक्के, म्हणून सोडतीमुळे ज्यांनी संच बसवला त्यांच्यासाठी ठिबकचा परिणाम २ भागिले ०.५, म्हणजे ४ टन. अट एकच: नाव लागल्याने ठिबकखेरीज दुसरं काही बदललेलं नसावं. त्याच यादीतून ट्रॅक्टरही मिळाला असेल तर हिशेब फसला.

स्वतःच्या शेतात प्रयोग करायचा तर रान अर्धं-अर्धं करू नका; एका अर्ध्याची जमीन नेहमीच वेगळी असते. चढ-उतार आणि माती पाहून सारख्या जमिनीच्या सहा जोड्या आखा आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवा, ठिबक कुठे आणि पाट कुठे. सहाच का? ठिबकने काहीच फरक पडत नसेल, तरी सहाही जोड्या एकाच बाजूला जाण्याची शक्यता ३२ त १, म्हणजे ३ टक्के. पाच जोड्यांत ती १६ त १ होते, ६ टक्क्यांवर, म्हणजे योगायोग मानायच्या रूढ ५ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे. पाटाचं पाणी झिरपतं, म्हणून दोन तुकड्यांमध्ये दोन सऱ्या मोजणीबाहेर ठेवा. बेणं, जात, लागणीचा दिवस, नत्र-स्फुरद-पालाशची एकूण मात्रा सारखी. विद्राव्य खत एकीकडेच दिलंत तर तुम्ही ठिबक मोजत नाही, ठिबक आणि खत यांचं गाठोडं मोजता. ते चालेल, पण तसं लिहा. तोडणीला मधल्या चार सऱ्या, १० मीटर लांबी, सरीत दीड मीटर अंतर: ६० चौरस मीटर. वाढे आणि पाचट काढून त्याच दिवशी वजन करा, कारण तोडलेला ऊस वाळून हलका होतो. किलोला ६७.४५ ने गुणलं की एकरी किलो मिळतात. ७०० किलो म्हणजे सुमारे ४७ टन. १० किलोची चूक एकरी सुमारे ६७५ किलोंवर जाते, म्हणून काटा आधी तपासा.

प्रयोग जमतच नसेल तर? ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ असं म्हणून हात झटकणं हाही चुकीचाच निष्कर्ष असू शकतो. शेतीप्रयोगांत चिठ्ठ्यांची पद्धत रूढ करणारे रोनाल्ड फिशर यांनीच १९५० च्या दशकात धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संबंधावर हरकत घेतली: कदाचित एखादी जनुकीय घडण सिगारेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. सिगारेट कंपन्यांना हे फार सोयीचं होतं. १९५९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला आकड्याने उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक त्यांच्यात इतरांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. इतका मोठा घटक कोणाच्या नजरेस पडला नाही, हे मानणं अवघड होतं. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कारण ठरवताना पाहायचे नऊ मुद्दे मांडले; त्यांची टिकमार्क करायची यादी बनवणं त्यांनाही मान्य नव्हतं. त्यांतला एकच अपरिहार्य आहे: कारण आधी, परिणाम नंतर.

कॉर्नफिल्डचा हिशेब ठिबकला लावून पाहा. हंगाम आणि जात सारखी केल्यावर ४ टन उरले. खोल जमीन हलक्यापेक्षा एकरी ८ टन जास्त देते असं धरलं, तर हे चारही टन जमिनीमुळे असायला ठिबकवाल्यांत खोल जमिनीचं प्रमाण इतरांपेक्षा शंभरात ५० ने जास्त हवं, म्हणजे इतरांत २० टक्के असेल तर त्यांच्यात ७० टक्के. तुमच्या गावांत तसं आहे का, हे मंडल कृषी अधिकारी बसल्या जागी सांगतील. नसेल तर जमिनीने फार तर एखाद-दुसरा टन खाल्ला, बाकीचे ठिबकच्या पदरात.

अहवालात वाक्य असं लिहा: ‘लागणीचा हंगाम, जात आणि ठिबकपूर्व उत्पादन सारखं असलेल्या शेतांत ठिबकवाल्यांचं उत्पादन एकरी सुमारे ४ टन जास्त आहे; जमिनीची खोली मोजलेली नाही, त्यामुळे यातला १ ते २ टनांचा भाग तिचा असू शकतो.’ आणि पुढच्या पाहणीच्या अर्जात पाच रकाने वाढवा: संच कोणत्या महिन्यात बसवला, तो निर्णय कशामुळे घेतला, त्याआधी कोणता हंगाम लावत होता, मातीची खोली किती फूट, आणि संच बंद पडला असेल तर केव्हा.